गाऱ्हाण्यातला बाळा तांडेल

गाऱ्हाण्याला कोणी नाही म्हणत नाही. तशी रीतच नाही. मानकरी हातात नारळ धरून उभा राहतो, सगळ्या वाडीच्या वतीने देवाशी बोलतो, आणि त्याचं एकेक मागणं संपलं की बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सगळ्यांचा हुंकार पडला की मागणं देवाला पोचलं. एकाचा जरी राहिला तरी ते मध्येच लोंबकळतं, असं जुनी माणसं सांगतात, पण तसं झालेलं कोणी पाहिलेलं नाही. तोंड उघडायचं, होय म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. आमच्या वाडीतली पोरं आई-बाबा म्हणायला शिकली की लगेच व्हय म्हाराजा म्हणायला शिकतात, असं चंद्रावती चेष्टेने म्हणायची.

ही चेष्टा तिने कोणत्या तोंडाने करावी, तिचं तिलाच ठाऊक. कारण नारळी पुनवेला किनाऱ्यावर जे गाऱ्हाणं होतं, त्यात एक मागणं असं होतं:

"त्या वर्सा बाळा तांडेलान हट्ट केल्यान, कोणाचा आयकूक नाय, आणि पाच जीव दर्याक दिल्यान. तसो हट्ट परत कोणाच्या डोक्यात येव देव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि बाळा तांडेल म्हणजे चंद्रावतीचा नवरा. पस्तीस-छत्तीस वर्षं झाली. दर नारळी पुनवेला गंगाराम मानकरी 'त्या वर्सा' एवढं म्हणाला की चंद्रावती बायकांच्या मागच्या रांगेत आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागायची, आणि हुंकाराची वेळ आली की सगळ्यांबरोबर तीही म्हणायची, व्हय म्हाराजा. नाही म्हणून सांगणार कोणाला? बाजारात पापलेटाच्या भावावरून भल्याभल्यांना घाम फोडणारी बाई ती. पण तिथे तिला नाही म्हणणं जमायचं नाही. रात्री जेवताना घास गोड लागायचा नाही, दुसऱ्या दिवशी टोपली डोक्यावर घेऊन ती बाजारात हजर असायची.

तिचा मुलगा देवेश या सगळ्याला कंटाळून समुद्राकडे पाठ करून बसला. जामसंड्याला रिक्षा चालवतो, मासळी खातो ती विकत आणून. पण नातवाचं, निकेतचं, रक्त आजोबाचं. तो आजीकडे राहिला, दुसऱ्यांच्या होड्यांवर राबला, आणि यंदा त्याने स्वतःची होडी आणली. फायबरची, निळ्या रंगाची, मशीन नवंकोरं. चंद्रावतीने तिला हळदकुंकू लावलं ते एकदा पुसून परत लावलं. नुसता आनंद नव्हता तो, भीतीही होती, आणि ते तिने कबूल केलं असतं, जर कोणी विचारलं असतं.

भीती खरी निघाली, पण समुद्राची नव्हे. होडीवर माणसंच येईनात. बाजारात चंद्रावतीच्या शेजारी बसणाऱ्या तुळसाचा मुलगा सिद्धेश येणार हे ठरलेलं होतं; तो निकेतपेक्षा मोठा, त्याला जाळं ओढायला शिकवलेलं त्यानेच. तो पुनवेच्या आठवडाभर आधी अंगणात येऊन उभा राहिला आणि चपलेच्या टोकाने माती उकरत म्हणाला, "निकेत, तुझो हात बरो आसा रे, ता माका ठावक आसा. पण घरातली आयकनत नाय. म्हणतत, बाळा तांडेलाचो नातू. माझो बापूस तेच्याच होडयेर गेलो मरे."

बरं, वाडीतले येत नाहीत तर नेपाळहून आलेली पोरं हल्ली सगळ्यांच्याच होड्यांवर असतात. निकेतने दोघांना विचारलं. त्यातल्या एकाने हसत हसत विचारलं, "वो जिद्दी तांडेल आपका दादा था ना?" म्हणजे घ्या! कुठला कोण, डोंगरातून आलेला, ज्याने समुद्र काल पाहिला, त्यालाही बाळा तांडेलाचा हट्ट पाठ.

त्या संध्याकाळी निकेत भाताच्या ताटावर तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "आजये, मी होडी इकून टाकतंय. गोव्याक जातंय, थय मोठ्या बोटीर कोणाक कोणाचो आजो ठावक नसता."

"तुका फटकी इली! होडयेचा कुंकू सुकूक नाय अजून."

"मगे काय करू? एकटो जाव दर्यात?" तो खाली ताटाकडे बघत म्हणाला, "आजये, एक इचारू? आजो खराच तसो होतो? नाळीर उभो ऱ्हवान, तांबडो फेटो बांधून, 'दर्यो माका काय करतलो' म्हणान वरडलेलो?"

गाऱ्हाण्यात फेटा नव्हता. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभं राहून ओरडणंही नव्हतं. तो एक हट्ट वाडीने वर्षानुवर्षं घोळवला होता, त्याला फेटा बांधला होता, तोंडात बोलणं घातलं होतं, आणि आता तो बाळा तांडेल तिच्या स्वतःच्या घरात, नातवाच्या ताटासमोर येऊन उभा होता. खऱ्या बाळाला तिने कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. तो बांगडा खाताना काटेसुद्धा ताटाच्या कडेला ओळीने मांडून ठेवायचा.

तिला राग आला. असा आला की रात्रभर डोळा लागला नाही, आणि उजाडल्यावर ती बाजारात गेली ती टोपली न घेता.

तुळसा मोरी माशाचे तुकडे करत बसली होती. त्या होडीवर तुळसाचाही नवरा होता. दोघी एकाच दिवशी विधवा झाल्या, पण त्या दिवसाबद्दल कधी बोलल्या नाहीत. एकमेकींच्या शेजारी बसून मासे विकले, एकमेकींची गिऱ्हाइकं सांभाळली, तेवढंच.

"तुळसा, बाळा त्या सकाळी वरडलेलो?" चंद्रावतीने उभ्या उभ्याच विचारलं.

तुळसाने कोयता बाजूला ठेवला. "आता ता कित्याक काढतंस गो वयनी?"

"तू सांग."

"वरडलेलो. आता सांगूक व्हया तर सांगतंय. नाळीर उभो होतो, तांबडो फेटो बांधून. आमचो माणूस मागे बघी होतो, माझ्याकडे. माझ्या डोळ्यासमोर आसा अजून." तुळसाचे डोळे भरले. ते खोटे नव्हते.

"तू थय नव्हतंस, तुळसा."

"काय?"

"तू वालावलीक होतंस, माहेराक. सिद्धेश पोटात होतो तुझ्या. खबर घेवन थय माझो भाव गेलेलो."

समोर गिऱ्हाईक उभं राहून भाव विचारत होतं, तिला ऐकूच आलं नाही. "पण माका दिसता गो," ती हळूच म्हणाली. "तेचो शर्ट पण दिसता."

चंद्रावतीला तिची कीव आली. जिने नवऱ्याला शेवटचं पाहिलंच नव्हतं, तिने कुठूनतरी एक शेवटचं पाहणं मिळवलं होतं, आणि आपण ते भर बाजारात काढून घेतलं. ती तुळसाच्या शेजारी बसली, तिच्या हातातला कोयता घेतला आणि उरलेली मोरी कापून दिली. मग उठली आणि थेट गंगाराम मानकऱ्याच्या घरी गेली.

गंगाराम खळ्यात जाळं शिवत बसला होता. डोळे अधू झाले होते, पण बोटांना गाठी दिसत होत्या. दम लागतो म्हणून यंदा गाऱ्हाणं त्याचा मुलगा सत्यवान घालणार होता. सत्यवान पलीकडे बसून मोबाईलवर वाऱ्याचा अंदाज बघत होता. चंद्रावतीला बघून तो उठला, पाणी आणायला आत गेला.

"भावोजी, माझ्या घोवाचा नाव गाऱ्हाण्यातसून काढा," ती म्हणाली. पाणी पिण्याचीही वाट पाहिली नाही.

गंगारामचे हात थांबले. "इतक्या वर्सांनी?"

"इतकी वर्सा मी होय म्हणत इलंय म्हणान. होडी गेली तेच्या आदल्या सांजे देवळाकडे सगळे जमललात. रेडिओर जोराच्या वाऱ्याची खबर सगळ्यांनी आयकलास. बांगडो उसळलो होतो, ता पण सगळ्यांनी बघलास. बाळान काय इचारल्यान? 'जावया?' म्हणान इचारल्यान. आणि तुमी सगळे काय म्हटलास?"

"व्हय म्हटला," गंगाराम म्हणाला. त्याने नाकारलं नाही. याची तिला अपेक्षा नव्हती. भांडायला आलेल्या माणसासमोर दार उघडंच असावं तसं तिचं झालं.

"मगे हट्ट तेचो कसो?"

गंगारामने जाळं मांडीवरून खाली ठेवलं. "आयक गो. ती होडी गेल्यार वर्सभर कोणी दर्यात जायना. आठवता तुका? बायको घोवाक सोडी नाय, आवस झिलाक सोडी नाय. वाडी उपाशी ऱ्हवली. फुडची पुनव इली, मी नारळ घेवन उभो. काय मागू? दर्यो मनात येयत तेवा गिळता, असा म्हटला असता तर कोण गेलो असतो? आमी सगळ्यांनी मारलाव असा म्हटला असता तर पाच घरा एकमेकांच्या उरार बसली असती. मगे माझ्या तोंडातसून बाळाचा नाव गेला. हट्ट केल्यान म्हटला, म्हणजे हट्ट करूक नाय तर माणूस परत येता, असो त्याचो अर्थ. दुसऱ्या दिवशी होड्यो सुटल्यो." त्याने जाळ्यातली सुई काढून बाजूला ठेवली. "मी मेलेल्या माणसाच्या खांद्यार ओझा ठेवलंय, चंद्रावती. तेका जड जावचा नव्हता."

"आणि माझ्या खांद्यार? देवेशाच्या? आता तो निकेत होडी इकूक निघालो हा, तेच्या खांद्यार?"

सत्यवान पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभाच राहिला होता.

"देवासमोर इतकी वर्सा हुंकार पडलो," शेवटी म्हातारा म्हणाला. "ता आता मी खोटा कसा म्हणू? आणि पोरांनी फुडे दर्यात जावचा तर तेंका काय सांगू?" मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "होडी लोटूक तर सगळेच होते गो. तूव होतंस."

"मी दारात होतंय," चंद्रावती ताडकन म्हणाली. "देवेशाचो हात धरून. मी जाव नको म्हटलंय तेका."

गंगारामने तिच्या दिशेने आपले अधू डोळे उचलले. "बरा," एवढंच तो म्हणाला, आणि जाळं परत मांडीवर घेतलं.

पुनवेला आभाळ उघडलं होतं. किनाऱ्यावर होड्या ओळीने लागल्या, पताका फडफडायला लागल्या. बायकांच्या केसांत आबोली, पोरांच्या हातात फुगे. निकेतची निळी होडी ओळीच्या टोकाला एकटी होती. निकेत तिला टेकून उभा होता, मान खाली घालून. देवेशही जामसंड्याहून आला होता, पण रस्त्यावर रिक्षातच बसून राहिला.

सत्यवानने सोन्याचा कागद लावलेला नारळ हातात घेतला. गंगारामला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर शेजारी बसवलं होतं. सत्यवानचा आवाज चांगला, बापापेक्षा खणखणीत. त्याने गावदेवाला हाक घातली, दर्याला हाक घातली, पूर्वजांना हाक घातली. घरात धान्य असू दे, व्हय म्हाराजा. पोराबाळांना नोकरीधंदा लागू दे, व्हय म्हाराजा. जाळ्याला मासळी लागू दे, व्हय म्हाराजा. हुंकार लाटेसारखा येत होता, कोणी विचार करत नव्हतं, पोरं फुगे नाचवत होय म्हणत होती.

"त्या वर्सा बाळा तांडेलान हट्ट केल्यान..." सत्यवान म्हणाला. त्याची नजर क्षणभर चंद्रावतीकडे गेली आणि परत नारळावर आली. त्याला तरी काय दोष द्यायचा? लहानपणापासून पाठ केलेलं, तेच तोंडात आलं. "...तसो हट्ट परत कोणाच्या डोक्यात येव देव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नाय म्हाराजा," चंद्रावती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण गाऱ्हाण्यात 'नाय' कोणी कधी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू गेला. माना वळल्या. सत्यवानला वाटलं, आपल्याला भास झाला. त्याने घसा खाकरला आणि तेच मागणं परत घातलं. हुंकार पडला, अर्धामुर्धा, बिचकलेला.

"नाय म्हाराजा."

"काकी," सत्यवान काकुळतीला आला, "असा नाय करूचा. देवाचा काम आसा."

"देवाचाच काम आसा, म्हणान सांगतंय. मी हय उभी आसय, आणि माझो हुंकार नाय."

गलका झाला. म्हातारी पिसाळली, कोणीतरी म्हणालं. हिला घरी न्या. भरती उतरायला लागली, होड्या सुटायच्या कधी? एक जण पुढे झाला, तिच्या दंडाला धरायला. तेव्हा तुळसा मध्ये आली. मासे कापून राठ झालेला हात तिने त्याच्या छातीवर ठेवला.

"तिका हात लावलंस तर बघ," ती म्हणाली. "मीव होय म्हणूचंय नाय. मी त्या सकाळी वालावलीक होतंय, आणि माका सगळा दिसता. हय कोणाकोणाक काय काय दिसता, ता आधी सांगा."

जे चाळिशीच्या आतले होते ते एकमेकांकडे बघायला लागले. जे म्हातारे होते ते समुद्राकडे.

गंगाराम खुर्चीवरून उठला. सत्यवानच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि दुसऱ्या हाताने नारळ मागून घेतला. बराच वेळ त्याचा दम जमेना. मग तो बोलला, जुन्या आवाजात नव्हे, घरात बोलतात तसा.

"बा देवा म्हाराजा. त्या वर्सा वाऱ्याची खबर आमी सगळ्यांनी आयकली. बांगडो आमी सगळ्यांनी बघलो. तांडेलान जावया काय म्हणान इचारल्यान, आमी सगळ्यांनी होय म्हटला. सकाळी होडी आमी सगळ्यांनी लोटली. पाच घरांका ता भोगूचा लागला. मगे आमी ता एकट्याच्या माथ्यार टाकला, आणि ता मी टाकलंय. तर देवा म्हाराजा, ह्याच्या फुडे आमचो हुंकार उतावळो होव देव नको. कोण नाय म्हणता हा तर वायच थांबान आयकूची बुदी आमका दी, म्हाराजा."

हुंकार पडला नाही.

वारा पताकांमधून जात होता तेवढाच आवाज. सगळी वाडी चंद्रावतीकडे बघत होती. तीच तर अडून बसली होती, आता तिनेच सोडवायला हवं होतं. याच क्षणासाठी तिने इतकी वर्षं अंगठ्याकडे बघत काढली होती. तिने तोंड उघडलं. आणि शब्द फुटेना.

होडी आम्ही सगळ्यांनी लोटली.

तिच्या तळव्यांना डांबराचा वास येत होता. जुनी लाकडी होडी, आदल्या दिवशी डांबर लावलेली, ओली. ती दारात नव्हती. ती होडीच्या उजव्या अंगाला होती, पदर खोचून, गुडघाभर पाण्यात, आणि देवेश दूर वाळूत एकटा उभा राहून रडत होता. बाळाने वळून विचारलं होतं, "जाव मगे?" आणि ती म्हणाली होती, "जा, बेगीन ये." सगळ्या बायका म्हणायच्या तेच. त्यानंतर दोन दिवस हाताचं डांबर निघालं नव्हतं. खोबरेल लावून लावून घासलं होतं तिने. हे ती केव्हा विसरली? त्या दारात ती केव्हा जाऊन उभी राहिली? तुळसाला तिने भर बाजारात सांगितलं होतं, तू तिथे नव्हतीस म्हणून.

तिला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. "व्हय म्हाराजा," ती म्हणाली, आवाज फाटलेला, एकटीचा.

मग तुळसा म्हणाली. मग मागून एक म्हातारा, मग एकेक करून इतर. एकदम नाही आला तो हुंकार, मागेपुढे आला, काहींनी म्हणण्याआधी बराच वेळ घेतला. पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. सगळ्यांत शेवटी रस्त्याच्या बाजूने एक आवाज आला. देवेश रिक्षातून उतरून वाळूत आला होता.

गंगारामने नारळ पाण्यात सोडला.

होड्या सुटायला लागल्या तेव्हा सिद्धेश आईकडे न बघताच ओळीच्या टोकाला गेला. पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि निळ्या होडीच्या आत उडी टाकली. त्याच्यामागून आणखी दोघे गेले. निकेत मशीनपाशी उभा राहिला. त्याचा हात दोरीवर होता, पण त्याने ओढली नाही. तो किनाऱ्याकडे वळला, सगळ्यांकडे बघत, आणि त्याने विचारलं, "जावया?"

एरवी एकच गजर झाला असता. आज कोणी लगेच बोललं नाही. म्हाताऱ्यांनी पश्चिमेकडे मान वळवली. सत्यवानने खिशातून मोबाईल काढला आणि बघितला, मग तो खाली करून आभाळही बघितलं. तुळसाने पोराकडे बघितलं. कोणीतरी म्हणालं, वारा बरा आहे. दुसरं कोणी म्हणालं, सांजेच्या आत फिरा. त्यावर तिसऱ्याने मान हलवली. निकेत थांबला होता.

चंद्रावतीने पदर खोचला. पाण्यात शिरली, होडीच्या उजव्या अंगाला गेली आणि दोन्ही तळवे त्या निळ्या फायबरवर ठेवले. गार होतं, गुळगुळीत होतं, हाताला काही लागत नव्हतं. तिच्या शेजारी देवेशने खांदा लावला.

"जा बाबा," ती म्हणाली. मग मागे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, बाजारात ओरडायची तशी ओरडली, "आणि फुडे कोणी इचारल्यान तर सांगा रे! चंद्रावती हय होती. तिना पण लोटल्यान."